‘हात वर’ माझं नव्हतं

या अंकाचे संपादक माझे विद्यार्थी. दर वर्षी गणपतीत घरी येतात, मोदक खातात आणि चपला घालता घालता म्हणतात, "सर, यंदा तरी ‘हात वर’वर लिहा." मी दर वर्षी दुसरंच काहीतरी लिहून देतो. एकदा उत्तरपत्रिकांतल्या गमती दिल्या, एकदा स्टाफरूममधल्या चहावर लिहिलं, एकदा स्नेहसंमेलनात कोसळलेल्या मंडपावर. लोकांचे फोन आले, छान जमलंय म्हणाले. ‘हात वर’चं मात्र टाळत राहिलो. त्यावर खरं लिहायचं तर सुरुवातच अशी करावी लागते की ती पद्धत माझी नव्हती.

यंदा संपादक आले, तेव्हा मीच म्हटलं, लिहितो. ते इतके खूश झाले की मोदक अर्धा ठेवून निघाले. काय लिहिणार आहे, ते त्यांना अजून माहीत नाही.

आता लिहायला बसलोय तर गंमत अशी झालीय, की अपराधीपणाच्या आधी अंगात उत्साहच संचारलाय. तो वर्ग आठवला की अजून खुर्चीत बसवत नाही, उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात. म्हणून आधी तो वर्ग सांगतो. माझं मग सांगतो.

अंबरनाथच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होतो. बाहेरच्यांना वाटतं, साहित्य शिकवायचं म्हणजे काय मजा. आमच्याकडे परिस्थिती अशी की विज्ञानवाल्या मुलांना इंग्रजी म्हणजे पास होण्यापुरता विषय, आणि वाणिज्यवाल्यांना नापास व्हायचं भय. धडे आणि कविता मी वाचून दाखवायचो. आवाज बरा होता, त्यामुळे मुलं ऐकायची. खरी पंचाईत लेखनाच्या प्रश्नांची. निबंध, अहवाल, पत्र, मुलाखतीचे प्रश्न. त्याची उत्तरं गाईडात तयार मिळायची. मुलं ती पाठ करायची, पेपरात उतरवायची, मी गुण द्यायचो आणि आम्ही सगळे पुढच्या वर्गात जायचो.

एका वर्षी सबंध वर्गाने एकच अपघात पाहिला होता. निळ्या स्कूटरवरचा म्हातारा, भरधाव ट्रक, धावून आलेली माणसं आणि शेवटी वाहतुकीचे नियम पाळण्याचा उपदेश. त्या हिशेबाने तो म्हातारा उल्हासनगर ते बदलापूर प्रत्येक नाक्यावर धडकत होता. ‘माझं गाव’ लिहा म्हटलं, तर उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला मुलगा, ज्याच्या घराखाली लेथ मशीन दिवसभर किंचाळतं, तो लिहायचा की माझ्या गावातून झुळझुळ नदी वाहते. मी बरोबरची खूण करायचो. व्याकरण शुद्ध होतं ना.

अशात आमच्याकडे वैशाली गमरे आल्या. तासिका तत्त्वावर. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगतो. असा शिक्षक तास घेतो, पेपर तपासतो, परीक्षेला वर्गावर उभा राहतो, संमेलनात मुलांची नाटकं बसवतो. पण मस्टरवर त्याचं नाव नसतं. मे महिन्यात तो शिक्षक नसतो आणि जूनमध्ये कोणाला आठवण झाली तर पुन्हा होतो. कागदोपत्री म्हणाल तर गमरे मॅडम आमच्या कॉलेजात कधी नव्हत्याच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचे वडील अंबरनाथमध्येच कारखान्यात होते. मॅडम तेव्हा तिशीच्या आतल्या. हळू बोलायच्या, भरभर चालायच्या. मी विभागप्रमुख, म्हणजे इंग्रजीच्या सगळ्यांत सिनियर. अकरावीची एक तुकडी मी त्यांना दिली आणि विसरून गेलो.

मग एके दिवशी व्हरांड्यातून जात होतो. त्यांच्या वर्गात चिडीचूप शांतता. आमच्याकडे शांतता म्हणजे एक तर परीक्षा, नाही तर कोणाला तरी लागलंय. पुढे सरकलो, तोच आतून असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खडू हातात घेऊन बाहेर आले. मी रागवायलाच आत शिरलो.

फळ्याजवळ एक मुलगा उभा होता. मॅडम समोर नव्हत्या. त्या मुलींच्या बाकावर मधोमध बसल्या होत्या. मला बघून त्यांनी नुसतं मागच्या बाकाकडे बोट केलं. त्या बोटात काय होतं कोण जाणे, मी विभागप्रमुख असून गुपचूप जाऊन बसलो.

त्यांचा खेळ असा होता. एकाने उभं राहून आपला निबंध वाचायचा. बाकीच्यांनी ऐकायचं. जे वाक्य कोणीही, कुठेही बसून लिहू शकेल, असं वाक्य आलं की ऐकणाऱ्याने न बोलता हात वर करायचा आणि वरच ठेवायचा. वाचणाऱ्याने फक्त त्यालाच ठाऊक असेल असं काही सांगितलं, तर हात खाली घ्यायचा. सगळे हात वर गेले की वाचणाऱ्याने बसायचं, घरी जायचं, पुन्हा लिहून आणायचं. हसायचं नाही, टोमणा मारायचा नाही. आणि एक जरी हात खाली असेल, तरी वाचणाऱ्याला बसवता येत नाही. मॅडमही बाकावरच बसणार, आणि त्यांचा हात सगळ्यांसारखाच एक.

फळ्याजवळचा मुलगा जितेश. कॅम्प चारचा, सिंधी. वडिलांचं जीन्सला बटणं ठोकून द्यायचं दुकान. त्याने निळी स्कूटर काढली तेव्हा चार हात गेले. ट्रक आला तेव्हा अर्धा वर्ग. धावून आलेली माणसं यायच्या आत सगळे. जितेश वैतागला.

"मिस, गाईड में तो यही है."

"मग गाईडला बसव खाली," मॅडम बाकावरून म्हणाल्या, "आणि तू बोल. अपघात बघितलायस का कधी?"

त्याने डाव्या हाताचं बोट वर करून दाखवलं. टोक चपटं होतं. बटणाच्या मशीनखाली आलेलं. सांगायला लागला, मोडक्या इंग्रजीत, एकही क्रियापद धड नाही. बोट दाबलं गेलं, तो ओरडला, वडील धावत आले. "माय फादर फर्स्ट सेव्ह द पँट," तो म्हणाला, "देन मी." रक्ताचा डाग पडला तर माल परत येतो, म्हणून त्यांनी आधी पँट ओढून बाजूला केली आणि मग बोट हातात घेतलं. पँटला डाग पडला नव्हता. रात्री जेवताना वडील एकाएकी रडायला लागले, आणि आईने विचारलं तर म्हणाले, भाजी तिखट झालीय.

वर्गातला एकेक हात खाली येत होता. मी बघत होतो. शेवटचा खाली आला आणि मग पुन्हा तसाच आरडाओरडा झाला. इतकी वर्षं शिकवत होतो आणि माझ्या वर्गात कोणी कधी इंग्रजीत काही सांगितलंच नव्हतं, हे मला त्या मागच्या बाकावर कळलं.

मग मी वरचेवर जाऊ लागलो. काय काय ऐकलं तिथे. कविता शिकवताना मॅडम तोच खेळ उलटा करायच्या. कवितेतली ओळ डोळ्यांसमोर आली तर हात वर करायचा आणि काय दिसलं ते सांगायचं. बर्फ पडतोय अशी एक कविता होती. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला गोळ्याच्या गाडीवर. मी ती कविता दर वर्षी "निसर्गाचे मनोहारी वर्णन" म्हणून उरकायचो. मॅडमनी वाचली आणि थांबल्या. कोणाचा हात नाही. मग जितेशचा गेला.

"मिस, कारखान्यात जीन्स कापतात ना, तेव्हा धूळ उडते. आवाज नाही येत. पंख्यावर बसते, भाकरीवर बसते, माणसाच्या पापणीवर बसते. सकाळी शटर उघडलं की सगळं झाकलेलं. वैसा ही होगा. फक्त आमचा बर्फ निळा."

सांगा आता, त्या कवितेचं याहून बरं रसग्रहण कोणत्या गाईडात मिळेल? मी स्टाफरूममध्ये जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. गणिताच्या सरांनासुद्धा. ते म्हणाले, कारखानीस, तुम्ही फारच पेटलात. पेटलोच होतो.

ही कल्पना सुचली कुठून, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, विहारातून. लहानपणी जयंतीला विहारात मुलांची भाषणं असायची. सगळ्यांची तीच, पाठ केलेली, त्याच ठिकाणी आवाज चढवायचा, त्याच ठिकाणी टाळ्या. पुढच्या रांगेत एक आजी बसायच्या. पाठ केलेलं सुरू झालं की त्या हात वर करायच्या आणि म्हणायच्या, बाळा, बाबासाहेबांनी तुझ्या घरात काय बदललं ते सांग की. पोरं घाबरायची. मॅडम एकदा घाबरता घाबरता बोलून गेल्या की आमच्या घरात माझा बाप मला पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायला लावतो. आजींनी हात खाली घेतला. "तो हात खाली आलेला मला अजून दिसतो सर," त्या म्हणाल्या.

आता थोडं माझं.

एकदा मॅडमनी मला त्यांच्या वर्गासमोर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि नेहमीच्या तयारीने म्हणालो, विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी ही जगाकडे उघडणारी खिडकी आहे. पहिल्या बाकावर चामटोली गावची एक मुलगी बसायची, वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं तिने. तिचा हात वर गेला. मग तिच्या मागचा. मग सगळा वर्ग. मॅडम ओशाळल्या. मी मोठ्याने हसलो, वा वा म्हटलं, मुलांनाही हसवलं. पण घरी जाताना ते हसू उतरलं. मुलं मला घाबरायची, मान द्यायची. त्या बाईंच्या तासाला ती धावत जायची. हे मला टोचायला लागलं होतं, एवढं आज कबूल करतो.

त्याच वर्षी शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेचं परिपत्रक आलं. वर्गात काही नवं करत असाल तर त्याचा अहवाल पाठवायचा. मी मॅडमना म्हटलं, हे पाठवलंच पाहिजे. खरंच मनापासून म्हटलं. दोघांनी बसून अहवाल लिहिला. म्हणजे त्यांनी लिहिला, मी भाषा सरळ केली. अर्जात पहिलाच रकाना होता: शिक्षकाचे नाव व मान्यता क्रमांक. मान्यता म्हणजे नेमणुकीला खात्याची मंजुरी. तासिकेवरच्यांना ती नसते. मॅडमनी तो रकाना बघितला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं घाला. माझं चालणार नाही."

पुढची सगळी वर्षं मी या वाक्याला धरून बसलो. त्याच म्हणाल्या होत्या ना. पण अहवालाच्या शेवटी ऋणनिर्देशाचं पान असतं. तिथे मान्यता क्रमांक लागत नाही. त्या पानावर मी संस्थेचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, शिपायांचे मानले, झेरॉक्सवाल्याचे नाव घालून मानले. गमरे मॅडमचं नाव घातलं नाही. विसरलो नाही. लेखणी थांबली होती तिथे, मला आठवतंय. ते नाव घातलं तर लोक विचारतील की तासिकेवरच्या बाईंचा यात काय संबंध, आणि मग सगळंच सांगावं लागेल, असं वाटलं. खाली सही होती: हा उपक्रम मी स्वतः विकसित केला आहे. केली सही.

अहवालाला बक्षीस मिळालं. मला सादरीकरणाला बोलावलं. मी जितेशचं बोट सांगितलं, निळा बर्फ सांगितला. सभागृह उभं राहिलं. त्या टाळ्यांत मला खरोखर वाटलं, की हे सगळं माझ्याच वर्गात झालं.

आणि मग कॉलेजात इंग्रजीची एक जागा मंजूर झाली. कायम जागा. गमरे मॅडम तिचीच वाट बघत होत्या. त्यांना त्यांचा वर्ग हवा होता, दर जूनला कोणाच्या आठवणीवर न राहता. मुलाखतीत नमुना पाठ घ्यावा लागतो. समितीत संस्थेचे सचिव, प्राचार्य, बाहेरचे एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी.

सचिवांनी मॅडमचा अर्ज चाळला आणि ही जागा खुल्या प्रवर्गाची आहे ना, असं प्राचार्यांना विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. का विचारलं ते खोलीत सगळ्यांना कळलं. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडमनाही कळलं. त्यांनी काही चेहऱ्यावर दाखवलं नाही. अकरावीची काही मुलं पाठासाठी आणून बसवली होती. मॅडमनी ‘हात वर’ घेतलं. एका मुलाने वाचायला सुरुवात केली, हात वर जायला लागले, एक-दोन खाली आले, खोली जागी झाली. मी मनात म्हटलं, झालं, जागा यांची.

तेवढ्यात निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "थांबा बाई. हे आम्ही बघितलंय. हे कारखानीस सरांचं आहे, यांना बक्षीस मिळालंय. दुसऱ्याचं कशाला घेता? तुमचं स्वतःचं काहीतरी दाखवा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा मुलगा चुकीचं बोलला तर शेजारचा सुधारेल, अशा भरवशाने बघतात तसं.

सचिव माझ्याकडे वळले. "काय सर, तुमचंच ना हे?"

एक वाक्य पुरलं असतं. मला सही आठवली, सभागृह आठवलं, तिथे टाळ्या वाजवलेली माणसं शेजारीच बसलेली. मी म्हणालो, "शेवटी ज्ञान कोणा एकाचं नसतं. आम्ही सगळे एकाच कुटुंबातले आहोत."

आणि मॅडमचा हात वर गेला.

फळ्याजवळ उभ्या होत्या, खडू हातातच होता. हात सरळ वर. मुलांनी बघितलं, आणि मुलांना कळलं, कारण ती एकदम स्तब्ध झाली. सचिवांना कळलं नाही, मुख्याध्यापकांना कळलं नाही. त्या हाताचा अर्थ समजणारा त्या टेबलामागे मी एकटा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी बोललो. अगदी मऊ आवाजात बोललो.

"काही विचारायचंय का, मॅडम?"

त्यांनी हात खाली घेतला. "नाही सर," म्हणाल्या. मग फळा पुसला आणि कर्तरी-कर्मणी प्रयोगाचा पाठ घेतला. नीटनेटका, कोणीही घेतला असता तसा. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. जूनमध्ये मॅडमना कोणी बोलावलं नाही.

मला मात्र सगळीकडून बोलावणी आली. शाळा, प्रशिक्षणं, उजळणी वर्ग. कारखानीस सरांचं ‘हात वर’. मी ते करून दाखवायचो आणि ते चालायचं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. पोरं खरंच बोलायला लागायची. एका गावात तर एका मुलाने शेळी व्यायली ते असं सांगितलं की शिपाईसुद्धा दारात उभा राहून ऐकत होता. मला परतताना आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की लगेच फळ्याजवळचा तो हात दिसायचा. त्यामुळे मी एक युक्ती केली. माझ्या ‘हात वर’मध्ये मी बाकावर बसायचो नाही. मी समोर उभा राहायचो. माझा हात त्यात नसायचा आणि माझ्यावर हात करायची वेळही कोणावर यायची नाही. बघणाऱ्यांना ही शिस्त वाटायची.

निवृत्त झालो. शाल-श्रीफळ झालं. छापलेल्या पत्रिकेवर नावाखाली ‘‘हात वर’चे जनक’ असं होतं.

मागच्या हिवाळ्यात अंबरनाथच्या बाजारात जितेश भेटला. पोट सुटलंय, केस गेलेत, स्वतःचं जीन्सचं युनिट आहे. पाया पडला. मुलगी अकरावीला आहे म्हणाला, मुस्कान. इंग्रजीला बदलापूरला जाते, दर रविवारी.

"इतक्या लांब?" मी विचारलं.

"बेलवलीला सर, विहाराच्या हॉलमध्ये. गमरे मिस घेतात. फुकट." मग एकदम उजळून म्हणाला, "सर, तिकडे अजून ‘हात वर’ चालतं. असली वाला."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो खूश होऊन सांगत होता. मी त्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचा चपटा शेंडा बघत राहिलो.

घरी आलो आणि ठरवलं, जायचं. जायचं आणि माफी मागायची. माफीचं पत्र कसं लिहावं हे मी जन्मभर शिकवलेलं. आधी प्रसंगाचा उल्लेख, मग कारण, मग खेद, मग पुन्हा असं होणार नाही याची हमी. बसून लिहून काढलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत मला अजून थोडं लपता येतं. खाडाखोड करून पक्कं केलं, घडी करून खिशात ठेवलं. वर्ग सुटल्यावर बाजूला घेऊन वाचून दाखवायचं, असा बेत.

बेलवलीच्या त्या हॉलच्या बाहेर चपलांचा ढीग होता. आतून तोच आरडाओरडा. मी व्हरांड्यातच थांबलो. खरं सांगतो, भीतीने नाही, आनंदाने. तोच आवाज. इतक्या शाळांत मी तो खेळ नेला, पण असा आवाज माझ्याकडे कधीच झाला नाही.

मॅडम मुलींच्या मधोमध बसल्या होत्या. केस पांढरे झालेत. मला बघून उठल्या, नमस्कार केला, पाणी मागवलं. "हे कारखानीस सर," मुलांना म्हणाल्या, "आम्ही एका कॉलेजात होतो." एवढंच. मुलांनी गुड मॉर्निंग म्हटलं. मी म्हटलं, चालू द्या, मी मागे बसतो.

"नाही सर," त्या म्हणाल्या, "इथे नुसतं बसता येत नाही. पाहुण्यालाही वाचावं लागतं. काही आणलंय का?"

त्यांनी सहज विचारलं, की त्यांना ठाऊक होतं, मला अजून समजलेलं नाही. माझा हात खिशाकडे गेला तो मात्र त्यांनी बघितला. मी फळ्याजवळ जाऊन उभा राहिलो. मॅडम परत बाकावर जाऊन बसल्या, दोन्ही हात बाकावर.

मी वाचायला लागलो. आयुष्यात कधी कधी परिस्थितीच अशी निर्माण होते की, अशा अर्थाचं पहिलं इंग्रजी वाक्य होतं. एका मुलीचा हात वर गेला. चेहरा जितेशचा होता. माझ्या हातून एका सहकाऱ्याच्या बाबतीत अनवधानाने एक चूक घडली. खिडकीजवळची रांग गेली. त्या चुकीचा मला आजही मनस्वी खेद होतो. मागचे बाक गेले. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. नियम पाळणारी गुणी मुलं होती. हात शांतपणे वर जात होते, जसे मी इतकी वर्षं दुसऱ्यांवर जाताना बघितले होते. मी मान वर केली तेव्हा सगळा हॉल हातांनी भरला होता.

मॅडमचे हात बाकावर होते.

मी पुन्हा बघितलं. शेजारच्या मुलीचा हात वर, पलीकडच्या मुलीचा वर, मधे मॅडम, दोन्ही हात खाली. माझ्याकडे बघत होत्या. तसंच, त्या दिवशी फळ्याजवळून बघितलं होतं तसं. एक हात खाली असेपर्यंत वाचणाऱ्याला बसवता येत नाही. नियम त्यांचाच.

कागदावरचं पुढचं वाक्य मी बघितलं. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. ते मी वाचलं नाही. कागद खाली केला. आणि तेव्हा खरं वाक्य आलं. इंग्रजीत नाही, मराठीत. मी बनवलं नाही, ते तिथेच होतं, इतकी वर्षं: मॅडम, त्या दिवशी तुमचा हात कशासाठी वर गेला ते मला कळलं होतं, आणि तरी मी विचारलं.

हे वाक्य दुसरं कोणीही लिहू शकलं नसतं. ते बोललो असतो तर त्या हॉलमधला एकेक हात खाली आला असता, मला खात्री आहे. ओठ उघडले. मुलं वाट बघत होती, हात दुखत असतील त्यांचे, तरी वर धरून. मी मुस्कानकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं.

"थँक यू," मी म्हणालो, आणि जाऊन बसलो.

मुलांनी हात खाली घेतले. शेजारचा मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, फर्स्ट टाइम सगळ्यांचं असंच होतं." मॅडमनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. त्यांचे हात अजून बाकावरच होते.